देवयानीचे रंग कुणी भरत नाही

दोन फोटो शेजारी शेजारी लावलेला एक संदेश सध्या पुन्हा फिरतो आहे. डावीकडे दुर्बिणीतून दिसणारा राखाडी, धुरकट ठिपका. उजवीकडे पिवळसर गाभ्याची, निळ्या भुजांची देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह. खाली मजकूर: 'डावीकडचं खरं, उजवीकडचं संगणकात रंगवलेलं. डोळ्याला दिसत नाही ते कॅमेऱ्याला कुठून दिसणार? आणि असे फोटो काढायला लाखोंची यंत्रं लागतात. हौशी लोक दाखवतात ते सगळं सॉफ्टवेअर.' मला हा संदेश चार जणांनी पाठवला. त्यांतले दोघे शाळेत विज्ञान शिकवतात, म्हणून हे लिहायला बसलो.

डावीकडचा फोटो खरा आहे, हे आधी मान्य करतो. दुर्बिणीला डोळा लावला की देवयानी साधारण तशीच दिसते. पण त्याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. मंद उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळपास गप्प होतात आणि दंडपेशी काम करतात. त्यांना उजेड कळतो, रंग कळत नाही. शिवाय डोळा सेकंदाच्या लहानशा अंशापुरताच प्रकाश साठवतो आणि लगेच पुढचं पाहू लागतो. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र एक मिनिट, दोन मिनिटं, म्हणाल तितका वेळ तोच प्रकाश गोळा करत राहतो. पंचवीस लाख वर्षं प्रवास करून आलेले तेच कण डोळ्यात शिरतात आणि तेच सेन्सरवर पडतात. एकाजवळ साठवायला भांडं आहे, दुसऱ्याजवळ नाही.

संगणकाचाच संशय असेल तर संगणकाआधीच्या काळात जाऊ. १८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी सहा फूट व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीतून एम ५१ या दीर्घिकेच्या सर्पिल भुजा डोळ्यांनी पाहिल्या आणि हाताने चितारल्या. देवयानीच्या भुजा मात्र तोवर कुणालाच नीट कळल्या नव्हत्या. त्या उमटल्या १८८८च्या डिसेंबरात, आयझॅक रॉबर्ट्स यांच्या काचेच्या फोटोप्लेटवर. त्यांची दुर्बीण वीस इंची होती, रॉस यांच्यापेक्षा कितीतरी लहान. फरक पडला तो लांब एक्स्पोजरमुळे, म्हणजे प्लेटवर बराच वेळ प्रकाश साठवल्यामुळे. आणि रॉबर्ट्स बांधकाम व्यावसायिक होते, म्हणजे हौशीच.

आता रंग. साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एक बारीक फिल्टर बसवलेला असतो. लग्नाच्या फोटोत शालूचा रंग जसा येतो, तसाच देवयानीचा येतो. गाभा पिवळसर, कारण तिथे म्हातारे, तुलनेने थंड तारे दाटलेत. भुजा निळ्या, कारण तिथे तरुण आणि तापलेले तारे आहेत. मधले गुलाबी ठिपके हायड्रोजनचे, ६५६.३ नॅनोमीटरच्या प्रकाशाचे. रंगांचा तोल साधतानाही आपल्या आवडीवर काही सोपवावं लागत नाही. सॉफ्टवेअर फोटोतले तारे ओळखतं, गाया यानाने मोजलेले त्यांचे रंग यादीतून काढतं आणि त्यांच्याशी फोटो जुळवतं. यानंतर बरेच जण रंग गडद करतात, मीही करतो. एम ८२ सारख्या दीर्घिकेसाठी काही जण हायड्रोजनच्या फिल्टरमधून वेगळा फोटो घेऊन तो लाल रंगात मिसळतात. हे निर्णय माणसाचे आहेत आणि ते फोटोखाली लिहायलाच हवेत. पण गडद करणं वेगळं आणि नसलेलं भरणं वेगळं.

'सगळं सॉफ्टवेअर' हा आरोप मला सर्वांत जास्त लागला, कारण ते काम शिकायला मला दोन हिवाळे लागले. माझ्या देवयानीच्या फोटोत साठ सेकंदांच्या १२० फ्रेम आहेत. एकेक फ्रेम उघडली तर जवळपास काळी दिसते, आणि त्या काळ्यात सेन्सरची खरखर, म्हणजे त्याचेच इकडेतिकडे उमटणारे ठिपके, मिसळलेली असते. खरखर दर फ्रेममध्ये वेगळी पडते, दीर्घिका जागची हलत नाही. म्हणून १२० फ्रेम एकावर एक बसवून सरासरी काढली की दीर्घिकेच्या मानाने खरखर सुमारे अकरा पटींनी कमी होते. एखाद्याच फ्रेममध्ये उपग्रहाची रेघ आली असेल तर ती बाकीच्यांशी जुळत नाही आणि आपोआप गाळली जाते. पण एकत्र करण्याआधी प्रत्येक फ्रेममधून, झाकण लावून तितक्याच वेळाच्या आणि तितक्याच थंडीत घेतलेल्या डार्क फ्रेम वजा करायच्या, म्हणजे सेन्सरचे तापट, उगाच उजळ दिसणारे पिक्सेल जातात. पहिल्या वर्षी मी फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाचे कोरे फोटो, घेतले नव्हते. देवयानीच्या कडेला एक काळसर गोल कडं दिसलं आणि तो धुळीचा पट्टा असेल असं मी आठवडाभर समजत होतो. धूळच होती, पण माझ्या सेन्सरवरची. आता पहाटेच्या आकाशाकडे लेन्स करून, तिच्यावर पांढरा सुती कपडा ताणून मी फ्लॅट घेतो. प्रत्येक फ्रेमला त्यांनी भागलं की डागही जातो आणि कोपऱ्यांतला अंधारही. शेवटी येतो तो स्ट्रेच, म्हणजे मंद भाग उजळणं. एकच वक्र सगळ्या पिक्सेलना लागू होतो, तो हवी ती भुजा निवडून उजळत नाही.

रंगवलेली गोष्ट दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात सापडत नाही, ही माझ्या मते खरी कसोटी. २०२२ साली यान सेंटी, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेव्हियर स्ट्रॉटनर या हौशी मंडळींच्या टिपणात देवयानीशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची दीड अंश लांबीची कमान दिसली. शंभरावर तासांचं एक्स्पोजर, पण दुर्बीण फक्त १०६ मिलिमीटरची. इतकी वर्षं मोठमोठ्या दुर्बिणी त्या भागाकडे वळत असूनही ती कमान कुणाला माहीत नव्हती. पहिला संशय अर्थातच काहीतरी चूक झाल्याचा आला: प्रतिबिंब असेल, प्रक्रियेतला दोष असेल. मग इतरांनी आपापल्या जागेवरून, आपापल्या यंत्रांनी तोच भाग टिपला आणि कमान त्याच जागी निघाली. शोध २०२३च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला.

लाखोंच्या यंत्रांबद्दल थोडक्यात. माझी लेन्स १३५ मिलिमीटरची, कॅमेरा जुना डीएसएलआर. आकाशात देवयानी पूर्ण चंद्राच्या सहापट रुंद आहे, त्यामुळे फ्रेमची जवळपास तिसरा हिस्सा रुंदी तीच व्यापते. खर्च आहे तो ट्रॅकरचा, म्हणजे आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राचा. तोही नसेल तर ५० मिलिमीटरच्या लेन्सने पाच-पाच सेकंदांच्या काहीशे फ्रेम घेता येतात. पैशांपेक्षा अंधार दुर्मीळ आहे. मुंबईचे आकाशनिरीक्षक वर्षानुवर्षं वांगणी गाठतात ते त्यासाठीच. शहरातल्या गच्चीवरून देवयानीचा गाभा आणि एम ५१ जास्त तास देऊन जमतात. एम ३३ सारखी पसरट, मंद दीर्घिका जमणं फार अवघड.

संदेशातल्या एका शंकेला मात्र जागा आहे. एआयची काही साधनं मंद भागात नसलेले तपशील रेखू शकतात, आणि तसे फोटो 'मीच टिपला' म्हणून फिरताना मी पाहिले आहेत. अशा वेळी फोटो टाकणाऱ्याकडे मूळ फ्रेम मागाव्यात. माझ्या १२० फ्रेम, डार्क आणि फ्लॅट यांच्यासह, मी त्या दोन्ही शिक्षकांना पेन ड्राइव्हवर देतो आहे. सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मुलांना बसवून त्यांनी माझ्या मदतीशिवाय त्या एकत्र कराव्यात आणि गाभ्याला कोणता रंग येतो ते पाहावं.