३५ मिमी फिल्ममध्ये ८८ मेगापिक्सेल असतात का?

३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीत ८८ मेगापिक्सेल असतात, तिचा रंग अस्सल असतो, लख्ख उजेडातले तपशील ती अधिक राखते आणि निगेटिव्ह पिढ्यान्‌पिढ्या टिकते; म्हणून स्कॅन केलेल्या फिल्मपुढे कोणताही डिजिटल कॅमेरा फिका पडतो, असा मजकूर पुण्यातल्या छायाचित्रकारांमध्ये सध्या हातोहात फिरतो आहे. मी आजही फिल्मवर फोटो काढतो आणि रोल घरीच धुतो, म्हणूनच हा दावा मला खटकतो. तो वाचून कॉलेजातली मुले महागडे रोल घेतात आणि स्कॅन हाती आल्यावर हिरमुसतात.

८८ हा आकडा कुठून येतो, ते आधी पाहू. फुजीच्या वेल्व्हिया ५० या स्लाइड फिल्मच्या (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचे चित्र उमटते) माहितीपत्रकात दर मिलिमीटरला १६० रेषाजोड्या, म्हणजे एक काळी आणि एक पांढरी रेघ अशा जोड्या, सुट्या दिसतात असे दिले आहे. एका जोडीला दोन पिक्सेल धरले, तर ३६ बाय २४ मिमीच्या चौकटीत ११,५२० गुणिले ७,६८०, म्हणजे साधारण ८.८ कोटी पिक्सेल होतात. गुणाकार बरोबर आहे, पण हा आकडा १०००:१ इतक्या काँट्रास्टच्या, म्हणजे उजळ रेघ गडद रेघेच्या हजारपट उजळ असलेल्या, चाचणीपट्टीचा आहे. त्याच पत्रकात १.६:१ काँट्रास्टसाठी ८० हा आकडा छापलेला आहे, आणि झाडाची पाने, चेहऱ्याची त्वचा, जुन्या वाड्याच्या भिंतीचा पोत यांतला काँट्रास्ट या दुसऱ्या आकड्याच्याच जवळचा असतो. ८० धरले की ८८ चे थेट २२ होतात. त्यातही ही क्षमता एकट्या फिल्मची आहे. लेन्स, फोकसमधली चूक, हाताचा कंप आणि शेवटी स्कॅनर यांतला प्रत्येक जण त्यातून आपला वाटा कापून घेतो. ४००० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ४००० बिंदू टिपत, स्कॅन केले, तर त्या चौकटीची फाइल सुमारे २१ मेगापिक्सेलची होते.

पर्वतीवरून एकाच तिवईवर, एकाच लेन्सने, मी आधी ४०० आयएसओच्या (प्रकाशाला जास्त संवेदनशील) रंगीत निगेटिव्हवर आणि मग २४ मेगापिक्सेलच्या डिजिटल कॅमेऱ्यावर शहर टिपले होते. स्कॅन पूर्ण मोठा करून पाहिला तेव्हा दूरच्या गच्चीवरच्या टाकीला टेकलेल्या शिडीच्या पायऱ्या ग्रेनमध्ये, म्हणजे फिल्मच्या रव्यांमध्ये, मिसळून गेल्या होत्या. डिजिटलमध्ये त्या मोजता येत होत्या. आणखी बारीक स्कॅन केल्यावर ग्रेन तेवढा मोठा झाला, पायऱ्या काही सुट्या झाल्या नाहीत. ४ बाय ५ इंची शीट फिल्मची गोष्ट वेगळी आहे, तिथे २००० डीपीआयलाही ८० मेगापिक्सेल मिळतात. पण दावा ३५ मिमीबद्दल आहे.

रंगाच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे. बहुतेक डिजिटल सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून काढले जातात. मात्र रंगीत निगेटिव्हवर नारिंगी छटा असते, ती काढून रंग उलटवण्याचे काम स्कॅन करणाऱ्याचे असते, आणि एकच रोल दोन लॅबमध्ये दिला तर दोन वेगळे रंग हाती येतात. शिवाय हल्ली अनेक जण मॅक्रो लेन्स लावून डिजिटल कॅमेऱ्यानेच निगेटिव्ह स्कॅन करतात, म्हणजे तो अस्सल रंग त्याच सेन्सरमधून येतो.

उजेडाचा मुद्दा निगेटिव्हपुरता मला मान्य आहे. दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट, प्रकाश पडला तरी ढगांमधला तपशील ती सांभाळते, तर डिजिटलमध्ये एकदा पांढरे झालेले आकाश परत आणता येत नाही. सावलीत मात्र नेमके उलट घडते, आणि स्लाइड फिल्म तर प्रकाशाची चूक दोन्हीकडे फारशी खपवून घेत नाही.

टिकाऊपणाचा दावा निदान पुण्यात तरी कोणी करू नये. २००३ मध्ये याच शहरात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा (चटकन पेट घेणाऱ्या जुन्या सिनेमा फिल्मचा) ठेवा जळून गेला. तिच्यानंतर आलेल्या ॲसिटेटच्या फिल्मला दमट हवेत व्हिनेगरसारखा वास सुटतो, ती आकसते. माझ्या वडिलांनी सिंहगडावर काढलेल्या आईच्या फोटोची निगेटिव्ह कपाटात नीट पाकिटात होती. गेल्या पावसाळ्यानंतर ती लाइटबॉक्सवर ठेवली, तेव्हा बुरशीचे तंतू जिलेटिनच्या थरात शिरून थेट तिच्या गालावर पसरलेले दिसले. तिचा चेहरा आता शाबूत आहे तो दहा वर्षांपूर्वी केलेल्या स्कॅनमध्ये, आणि त्या फाइलच्या तीन प्रती मी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत.