५० युरोचा शेअर आणि आमचे आप्पा

अमळनेरच्या माणसाला शेअर म्हणजे काय हे कोणी शिकवायला जाऊ नये. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, गावातल्या लोकांनी त्याचे शेअर घेतले आणि त्याच कारखान्याची पुढे विप्रो झाली. ज्यांनी ते कागद पेटीच्या तळाशी ठेवून दिले त्यांचं काय झालं ते आपण सगळे जाणतो. आमच्या आजोबांनीही घेतले होते. आत्याच्या लग्नात विकले. घरात हा विषय निघाला की आप्पा अजूनही चपला घालून बाहेर पडतात.

आज हे आठवायचं कारण फुटबॉल. हसू नका भो, वाचा.

स्पेनच्या उत्तरेला, बास्क मुलखात, एइबार नावाचं गाव आहे. म्हणायला शहर, पण वस्ती २७ हजारांच्या आसपास. आपलं फैजपूर धरा. दोन्हीकडे डोंगर, मधल्या चिंचोळ्या दरीत कारखाने आणि त्यांना खेटून उंच इमारती. पिढ्यान्‌पिढ्या बंदुका घडवणारं गाव. तो धंदा बसायला लागला तसे त्याच कारागिरांनी सायकली केल्या, शिवणयंत्रं केली. ऑर्बिया सायकलीचं मूळ तिथलंच, आणि अल्फा शिवणयंत्र निघालं ते तिथल्या कामगारांच्या सहकारी कारखान्यातून. १९३७ मध्ये यादवी युद्धातल्या बॉम्बफेकीने गावाची राखरांगोळी झाली. तीनच वर्षांनी, १९४० मध्ये, गावातले दोन छोटे संघ एक करून एसडी एइबार हा क्लब उभा राहिला. त्यांना आजही ‘आर्मेरोस’ म्हणतात, म्हणजे बंदूक घडवणारे.

पुढची कितीतरी वर्षं स्पॅनिश फुटबॉलच्या खालच्या विभागांत गेली. १९८८ ते २००६ सलग १८ हंगाम दुसऱ्या विभागात काढले, हीच मोठी मिजास. मोठे क्लब आपली कोवळी पोरं इथे घासूनपुसून घ्यायला पाठवायचे. झाबी अलोन्सो त्यातलाच, डेव्हिड सिल्वाही. दोघे पुढे विश्वविजेते झाले.

खरी गोष्ट २०१४ ची. आदल्या वर्षी तिसऱ्या विभागातून वर आलेला हा संघ थेट दुसऱ्या विभागाचा विजेता झाला. म्हणजे आता पहिला विभाग, ला लिगा. समोर बार्सिलोना, रेआल माद्रिद. गावात दिवाळी. आणि तेवढ्यात नियमाचा कागद पुढे आला : तुमचं भागभांडवल फार थोडं आहे, आणखी १७ लाख २४ हजार युरो उभे करा, नाहीतर पुन्हा तिसऱ्या विभागात जा. त्या वेळच्या भावाने साधारण १४ कोटी रुपये.

आता यातली गंमत बघा. एइबारच्या डोक्यावर एक पैशाचं कर्ज नव्हतं. जेवढे येतात तेवढ्यात भागवायचं, हा तिथला शिरस्ता. त्याच लीगमधले भलेभले क्लब देण्यांत बुडालेले. नियम केला होता तो क्लबांनी कर्जबाजारी होऊ नये म्हणून, आणि फास बसला तो ज्याने कधी उधारी केलीच नाही त्याच्या गळ्याला! सोसायटीचं पीककर्ज वेळेवर फेडणारा शेतकरी माफीच्या यादीत कधी नसतो, हे आपल्याला का सांगायचं?

मग एखादा धनाढ्य शोधून क्लब त्याला देऊन टाकायचा का? तो रस्ता सोपा होता. त्यांनी वर्गणी काढली. एक शेअर ५० युरोचा, आणि कोणालाही १ लाख युरोपेक्षा जास्तीचे घेता येणार नाहीत, म्हणजे उद्या कोणी येऊन मालक होऊन बसायला नको. अलोन्सोनेही या हाकेला साथ दिली. गावच्या लोकांनी घेतले, परदेशातल्या अनोळखी लोकांनी घेतले, आणि मुदत संपण्याआधी रक्कम उभी राहिली. आपल्याकडे यात्रेला, सप्ताहाला जशी पावती फाडतात, तसंच. फरक एवढाच, की इथे पावती फाडणारा मालक झाला.

२४ ऑगस्ट २०१४ ला पहिल्याच सामन्यात शेजारच्या रेआल सोसिएदादला १-० हरवलं. हंगाम संपला तेव्हा मात्र एइबार १८ वा, म्हणजे पुन्हा खाली. पण वरचा एल्चे क्लब थकलेल्या करांपायी खाली ढकलला गेला आणि एइबार वाचला. उधारी न केल्याचं फळ एक वर्ष उशिरा मिळालं, पण मिळालं. एकंदर ७ हंगाम ते वर राहिले. नोव्हेंबर २०१८ मध्ये इपुरुआ या त्यांच्या एवढ्याशा मैदानावर, जिथे शेजारच्या बाल्कनीतूनही मॅच दिसते, रेआल माद्रिदला ३-० धुतलं. मी ती मॅच दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा निकाल माहीत असूनही उभ्याने.

याच २०१४ मध्ये आपल्याकडे इंडियन सुपर लीग सुरू झाली. पहिल्या ८ संघांत एफसी पुणे सिटी होता. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. पुण्याच्या पोरांनी घेतलेल्या जर्सी पोछा करायच्या कामाच्या राहिल्या. त्याआधी मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये मालकाने बंद केला. दुकान ज्याचं, कुलूपही त्याचंच.

माझं म्हणणं एवढंच, की प्रेक्षकाला फक्त तिकीट आणि टी-शर्ट विकलात तर तुमच्या कुलपाला तो काय करणार? रडेल आणि क्रिकेट बघेल. आणि सगळा दोष मालकांवर ढकलूनही चालणार नाही. आपल्या लीगमध्ये पहिली ९ वर्षं खालून जिंकत वर यायची वाटच नव्हती, खुर्ची विकत घ्यावी लागे. पंजाबचा संघ २०२३ मध्ये आय-लीग ही खालची स्पर्धा जिंकून वर गेला, तो पहिला. वर जायची वाटच नसेल तर कुठलं फैजपूर वर्गणी काढेल, आणि कशासाठी?

एइबार २०२१ मध्ये शेवटचा येऊन खाली गेला. पुढच्या वर्षी अखेरच्या दिवशी नुसतं जिंकलं असतं तरी थेट वर. समोर अल्कोर्कोन, खालच्या विभागात जायचं आधीच नक्की झालेला संघ. भरपाईच्या वेळेत गोल खाल्ला आणि ०-१ हरले. मी मोबाइल आपटला. (काच गेली. ३ हजार.)

आवाज ऐकून आप्पा बाहेर आले. मी सगळं सांगितलं : गाव, बंदुका, ५० युरोचे शेअर. शेअर हा शब्द आला तरी या वेळी त्यांनी चपला घातल्या नाहीत. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘‘पुन्हा वर्गणी काढली त्यांनी, तर मला सांगशील. एक घेऊन ठेवू.’’

आई आतून म्हणाली, ‘‘आणि लग्न निघालं म्हणजे?’’