आबाजीले फोन द्या म्हणे!

परवा दुपारी दोनच्या सुमारास आमच्या घरी वीज बिलाच्या वसुलीचा फोन आला. बाबा आणि मी वावरात, माय कापूस वेचायला, घरी एकटी आजी. वय ऐंशीच्या वर. फोन करणाऱ्याने आमच्या आबाजींचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, आणि म्हणाला, त्यांना फोन द्या.

आबाजींना जाऊन नऊ वर्षं झाली.

आजीने सांगितलं, "थे नाई जी." त्याने विचारलं, कुठे गेले, कधी येतील? आजी म्हणाली, "आता कायचे येतेत बापा, थे वारले." इथे आईच्या पोटी जन्मलेला कोणताही माणूस थांबला असता. बरं म्हणून फोन ठेवला असता. हा थांबला नाही. म्हणाला, "बिल भरायची वेळ आली की सगळ्यांचेच नवरे मरतात. संध्याकाळपर्यंत अकराशे सत्तर रुपये भरा, नाहीतर लाइन कापून टाकतो."

मी पदरचं काही घातलेलं नाही. घरी ठेवलेला फोन माझा जुना, त्यात कॉल रेकॉर्डिंग चालू राहिलं होतं. रात्री गोठ्यात जाऊन ते ऐकलं, घरात लावायची हिंमत झाली नाही. एक मिनिट बावन्न सेकंद. मागे पंख्याची कटकट ऐकू येते, शेजारच्यांची कोंबडी ओरडते, आणि ते वाक्य झाल्यावर आजी काहीच बोलत नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येतो. मग तो दरडावतो, "ऐकू येतं का?" आणि आजी म्हणते, "हो जी, सांगतो पोट्ट्याले." ज्याने तिचं वैधव्य खोटं ठरवलं त्याला ती जी म्हणते. मी तिथेच कडब्यावर बसलो. हात थरथरत होते माझे.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सगळ्या घरात अंधार. मला वाटलं, लाइन गेली. गेली नव्हती. आजीने स्वतः एकेक बटण बंद करून ठेवलं होतं. फ्रीजची पिनसुद्धा काढली होती. त्याआधी मोटर लावून टाकी, गुंड, घागरी, बादल्या भरल्या होत्या. कणिक भिजवायच्या परातीतसुद्धा पाणी भरून ठेवलेलं. आणि ती स्वतः ओट्यावर बसून पदराची गाठ सोडून पैसे मोजत होती. तीनशे चाळीस रुपये निघाले. म्हणाली, "आज एवढे ने, बाकीचे उद्या देतो म्हणजो त्याइले. हात जोडजो." ऐंशी वर्षांची बाई, आयुष्यात कोणाची उधारी ठेवली नाही, ती मला हात जोडायला सांगत होती.

आबाजींबद्दल सांगतो, म्हणजे कळेल की हे वाक्य आम्हाला का लागलं. आबाजी बिलाची प्रत्येक पावती मोडक्या छत्रीच्या तारेत ओवून ठेवायचे. ती तार अजून स्वयंपाकघरात मयालीला लटकली आहे. धुराने काळी झालेली, खालच्या पावत्या उंदरांनी कुरतडलेल्या, पण आहे. कपाशी बुडाली त्या सालीसुद्धा बिल आधी भरलं, आमची शाळेची पुस्तकं नंतर आली. त्या माणसाच्या नावाने तू त्याच्या बायकोला खोटारडी म्हणतोस?

आता थकबाकी किती होती ते ऐका. बिलाची शेवटची तारीख 12. बिल आमच्या हातात पडलं 14 ला. अख्ख्या गावाच्या बिलांचा गठ्ठा कोणीतरी चौकातल्या पानठेल्यावर टाकून जातो, मग ज्याचं त्याने शोधून न्यायचं. वाऱ्याने उडालं तर उडालं. लेकरं त्याची विमानं करतात. मी 15 ला तालुक्याला जाणार होतो, पण रातच्या लाइनीने हरभऱ्याचं ओलीत करून सकाळी अंग उचलेना. आणि 15 लाच हा फोन. तीन दिवस! वीज कंपनीवाल्यांनो, आमचं बिल तीन दिवस मागे पडलं तर तुमचा माणूस मेलेल्याला फोनवर बोलावतो. आणि जून महिन्यात वावटळीत आमच्या गावाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली तेव्हा किती दिवस लागले? नऊ. नियमात खेड्यासाठी 48 तास लिहिलेत. नऊ दिवस गावात पिण्याच्या पाण्याचे हाल, गिरणी बंद, पोरांचे मोबाइल दुसऱ्या गावात नेऊन चार्ज करायचे, रात्री साप निघायचे दिवस. तेव्हा आम्ही किती फोन लावले असतील? एकतर उचलायचे नाहीत, उचलला तर वर्गणी करून ट्रॅक्टर आणा म्हणायचे, डीपी तुम्हीच घेऊन जा. आणली. गावाने डिझेल घातलं, गावाच्या पोट्ट्यांनी डीपी खांबावर चढवायला खांदा दिला. त्या नऊ दिवसांचा फोन आम्हाला कोणी केला? "माफ करा, तुमच्याकडे अंधार आहे" असं कोणी म्हणालं?

त्या रात्री झोप लागली नाही. एक वाजता मोबाइलवर कायदा उघडून वाचला. वीज कायदा 2003, कलम 56. बिल थकलं तरी लाइन तोडायच्या आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. लेखी! फोनवरची दमदाटी म्हणजे नोटीस नव्हे. त्याच कलमात पुढे असंही आहे की बिलाबद्दल वाद असेल आणि ग्राहकाने निषेध नोंदवून मागितलेली रक्कम भरली, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी भरली, दोन्हींत कमी असेल ती, तर वाद मिटेपर्यंत लाइन तोडता येत नाही. बावीस वर्षांपेक्षा जुना कायदा आहे. आमच्या गावात एकाही माणसाला तो माहीत नाही आणि फोन करणाऱ्यांना आम्हाला तो माहीत नाही हे पक्कं माहीत आहे. त्यावरच सगळा धंदा चालतो. "आज संध्याकाळपर्यंत" म्हटलं की खेड्यातला माणूस उधार-उसनं करून, मजुरी बुडवून, एसटी नाहीतर कोणाच्या तरी मागे फटफटीवर बसून पळतो. आम्हाला तालुका अकरा किलोमीटर आहे. अकरा जाऊन अकरा यायचे, रांगेत उभं राहायचं, आणि खिडकीवर ऐकायचं की सर्व्हर बंद आहे.

आणखी एक. हे फोन साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून येतात. नाव सांगत नाहीत, हुद्दा सांगत नाहीत. ते "आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा" असे मेसेज देशभर फिरत होते ना, 2022 साली तर धुमाकूळ होता, त्या चोरांची भाषा आणि यांची भाषा तंतोतंत एक. आमच्याच गावातल्या रिटायर मास्तरांना असा फोन आला, एक ॲप घ्यायला लावलं, आणि दहा मिनिटांत खात्यातून साठ हजार गेले. पेन्शनचे. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण उशीर झाला होता. मग आता मला सांगा, आजीने चोर कोणता आणि कंपनीचा कोणता हे कसं ओळखायचं? दोघेही ओरडतात, दोघेही आजच पैसे मागतात, दोघांनाही आमचं नाव आणि नंबर माहीत. खऱ्या माणसाने चोरासारखं बोलायचं आणि चोराने लुटलं की ग्राहकांनी सावध राहावं असा मेसेज पाठवायचा. सावध आम्ही राहायचं! तुमच्या माणसांना चार शब्द नीट बोलायला शिकवा, हे सावधपणाचं पहिलं काम आहे.

नाव बदलाचं तर विचारूच नका. आबाजी गेल्यावर सहा महिन्यांत मी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, स्टॅम्प पेपर, घराची कर पावती, सगळं जोडून अर्ज दिला. चार चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा झेरॉक्स पुसट, तिसऱ्यांदा अर्जच सापडेना, चौथ्यांदा साहेबांची बदली झालेली. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे, शिक्क्यासकट. नाव आजही आबाजींचंच. सातबारावरून त्यांचं नाव कमी झालं, रेशन कार्डातून कमी झालं, मतदार यादीतून गेलं. फक्त तुमच्या कॉम्प्युटरात ते जिवंत आहेत. पण माझा मोबाइल नंबर मात्र एका फटक्यात जोडला गेला, तो कोणाला हरवला नाही! म्हणजे वसुलीचं काम असलं की एका दिवसात होतं, ग्राहकाचं असलं की नऊ वर्षं पुरत नाहीत.

आणि रीडिंग. आमचं मीटर ओट्यावर आहे, रस्त्यावरून हात पुरेल इतकं जवळ. तरी मागच्या उन्हाळ्यात लागोपाठ तीन महिने बिलावर सरासरी युनिट, कारण घर बंद. आजी दिवसभर त्याच ओट्यावर वाती वळत बसते. घर बंद कसं? माणूस गावात आलाच नाही आणि चौथ्या महिन्यात सगळे युनिट एकत्र चढवले, वरच्या दराने. वेगळं करून द्या म्हणून भांडलो, तेव्हा कुठे कमी केलं. जो भांडला नाही त्याचं काय झालं असेल?

मी फोनवर हे बोललो की नागपूर-पुण्याचे नातेवाईक म्हणतात, तुम्हाला तर फुकट वीज आहे. अरे बाबा, एप्रिल 2024 पासून जी मोफत आहे ती शेतीपंपाची, साडेसात अश्वशक्तीपर्यंत. घरच्या मीटरची नाही. घरच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, त्यावर वीज शुल्क 16 टक्के, सगळं तुमच्यासारखंच आहे. आणि ती फुकटची लाइन कधी येते ते एकदा पाहायला या. थंडीत रात्री बाराला या. हातात बॅटरी, पायात गमबूट, गव्हाच्या बांधीत घोट्याएवढं पाणी, आणि रानडुकरं कोणत्या बाजूने येतील याचा नेम नाही. मग बोला फुकट.

वीज तयार होते कुठे? आमच्याकडे. वणीचा कोळसा आमच्या रस्त्यांवरून जातो, रस्त्याकडेच्या पराटीच्या बोंडांवर काळी धूळ बसते, व्यापारी भाव पाडतो. चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॅटचं, राज्य सरकारच्या वीज कंपनीचं सगळ्यात मोठं औष्णिक केंद्र, त्याच्याशिवाय कोराडी आहे, खापरखेडा आहे, पारस आहे. सगळं विदर्भात. आमच्या धुऱ्यावरून उच्चदाबाची लाइन गेली आहे. धुकं असलं की पहाटे त्या तारा मधमाश्यांसारख्या गुणगुणतात, खाली उभं राहिलं तर दातांत जाणवतं. त्या टॉवरखाली आम्ही बॅटरी घेऊन उभे असतो. मागत काही नाही. एवढंच म्हणतो की ज्यांच्या डोक्यावरून तुमची वीज जाते त्यांच्या म्हाताऱ्या बाईशी बोलताना जीभ सांभाळा.

बिल काल भरलं. अकराशे सत्तर आणि वर उशिराचा आकार. खिडकीवरच्या पोराला रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याने मान खाली घातली, म्हणाला, हे काम आमच्याकडे नाही, बाहेर दिलं आहे. साहेबांना भेटलो, तेही म्हणाले, एजन्सीचं आहे, लेखी द्या. लेखी दिलं. दोन प्रतींत, एकीवर पोच घेतली, आणि त्यासोबत नाव बदलाचा तिसरा अर्जसुद्धा. मृत्यूचा दाखला पुन्हा जोडला. उत्तर नाही आलं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचात जाणार, रेकॉर्डिंग घेऊन जाणार, त्या आवाजाच्या माणसाने समोर येऊन आजीची माफी मागेपर्यंत सोडणार नाही. हे रागात नाही, थंड डोक्याने लिहितो आहे.

आजीला सांगून ठेवलं, आता फोन उचलू नको. पण ती उचलते. माझी बहीण नागपूरला नर्सिंगला आहे, तिची ड्यूटी कधीही सुटते आणि सुटली की ती आजीला फोन करते. आजीला आकडे वाचता येत नाहीत, स्क्रीनवर नाव आलं तरी वाचता येत नाही. आज सकाळीही घंटी वाजली तशी ती चूल सोडून, हात पदराला पुसत धावत आली. फोन कानाला लावला, आणि हॅलोच्या आधी मला विचारलं, "पोरीचाच आहे न?"