डाळिंबाचे दाणे किती? (ग्रीक पुराणकथांच्या पुस्तकांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार ताई,

तुमची कॉमेंट सकाळीच वाचली, पण चार ओळीत उरकायची नव्हती म्हणून आत्ता रात्री निवांत बसून लिहितोय. ग्रीक पुराणकथांसाठी कुठली पुस्तकं घ्यावीत या माझ्या पोस्टवर तुमचे तीन आक्षेप आहेत. मी सारखं 'मूळ गोष्ट, मूळ गोष्ट' म्हणतो पण मूळ कुठलं ते कुठेच सांगत नाही. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलासकट सगळ्या घराला आवडलेलं इंग्रज लेखक स्टीफन फ्रायचं 'मिथॉस' (त्याने नव्याने सांगितलेल्या ग्रीक कथा) मी 'हलकंफुलकं' म्हणून एका वाक्यात बाजूला सारलं. आणि इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्जसारख्या माणसाच्या ग्रीक पुराणकथांच्या पुस्तकाबद्दल 'जपून वाचा' म्हणणारा मी कोण.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. तो शब्द मी सवयीने वापरला आणि तो चुकीचाच आहे. तुमची कॉमेंट वाचल्यावर मी पर्सेफनीची गोष्ट चार ठिकाणी काढून शेजारी शेजारी ठेवून वाचली. गोष्ट तुम्हाला माहितीये, तरी बाकीच्यांसाठी थोडक्यात: धान्याची देवी डिमिटर, तिची लेक पर्सेफनी फुलं खुडत असताना पाताळाचा राजा हेडीज तिला रथात घालून पळवतो, आई वेड्यासारखी शोधत फिरते, शेतात काही उगवेनासं होतं, शेवटी देवांचा राजा झ्यूसला मध्ये पडावं लागतं, पण पोरीने खाली डाळिंब खाल्लेलं असतं म्हणून वर्षातला काही काळ तिला परत तिकडे जावंच लागतं.

आता डाळिंबाचे दाणे किती? प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावर चालत आलेलं डिमिटरचं जुनं स्तोत्र आहे त्यात एकच दाणा आणि वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात. रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस'मध्ये सात दाणे आणि वर्ष निम्मं निम्मं. त्याच ओव्हिडच्या 'फास्ती'मध्ये तीन. आणि 'सहा दाणे, सहा महिने' हे जे आपण लहानपणी इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकात वाचतो ते नथॅनिएल हॉथॉर्नने १८५३ साली अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात आहे!

नुसत्या आकड्याचा फरक असता तर एवढं लिहिलं नसतं. स्तोत्रात हेडीज तो दाणा तिला गुपचूप भरवतो, आणि वर आल्यावर ती आईला सांगते की त्याने मला जबरदस्तीने खायला लावलं. ओव्हिडमध्ये ती स्वतः बागेत हिंडताना डाळिंब तोडून खाते आणि चुगली करणाऱ्याला घुबड करून टाकते. एका ठिकाणी तिच्यावर बळजबरी झालीय, दुसऱ्या ठिकाणी तिच्याच हातून चूक झालीय. मुलीकडे बघायची नजरच बदलली ना. शिवाय हे स्तोत्र मधली कित्येक शतकं युरोपात कुणाच्या वाचनात नव्हतं, १७७७ साली मॉस्कोत हस्तलिखित सापडलं तेव्हा कळलं, तोपर्यंत लोक ही गोष्ट मुख्यतः ओव्हिडकडूनच ऐकत होते. आणि ओव्हिड रोमन, लॅटिनमध्ये लिहिणारा, स्तोत्रानंतर सहाएकशे वर्षांनी झालेला.

आपल्याकडे भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढली, १९६६ मध्ये ते काम पुरं झालं. ग्रीक पुराणकथांचं तसं करताच येत नाही, कारण ताडायला मुळात एक ग्रंथच नाही. हेसिअड हा जुना ग्रीक कवी वेगळं सांगतो, नाटककार वेगळं सांगतात, प्रत्येक गावाची आपापली गोष्ट. म्हणून 'मूळ' हा शब्द काढून मी आता असं म्हणेन की ही गोष्ट कुणाकडून घेतली हे जे पुस्तक सांगतं ते चांगलं पुस्तक. एडिथ हॅमिल्टनचं 'मिथॉलॉजी' (१९४२) मी पहिल्या नंबरवर ठेवलं ते याच कारणासाठी. प्रत्येक गोष्टीच्या आधी बारीक टाइपात हॅमिल्टनबाईंची छोटी नोंद असते, ही गोष्ट कुणी सांगितलीय, मी कुणाची घेतली आणि का. पिग्मेलियनच्या (स्वतः घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडलेल्या शिल्पकाराच्या) गोष्टीआधी ती स्पष्ट सांगते की ही फक्त ओव्हिडनेच सांगितलीय. ओव्हिड तिला फारसा आवडत नाही, तेही ती प्रस्तावनेत लपवत नाही. बऱ्याच जणांना त्या नोंदी ओलांडून थेट गोष्टीवर जायची सवय असते, तसं करू नका एवढंच सांगतो.

आता फ्राय. 'हलकंफुलकं' हा शब्द अन्यायाचा होता, मागे घेतो. त्याचा जुन्या साहित्याचा अभ्यास पक्का आहे आणि ऑडिओबुक तर त्याने स्वतः वाचलंय, तुम्ही गाडीत सगळे मिळून ऐकता असं लिहिलंत, त्याहून चांगला उपयोग काय असणार. माझी अडचण एकच, देवांच्या तोंडी त्याने जे लांबच लांब संवाद घातलेत ते त्याचे आहेत, आणि जुनं कुठे संपलं आणि फ्राय कुठे सुरू झाला हे वाचता वाचता कळत नाही. म्हणून पहिलं पुस्तक म्हणून जरूर घ्या, एकमेव पुस्तक म्हणून नको. आणि एक, 'मिथॉस'मध्ये हिराक्लीज, पर्सियस, थीसियस या वीरांचे पराक्रम मिळणार नाहीत, त्यासाठी त्याचं 'हीरोज' (२०१८) घ्यावं लागेल. हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. ग्रेव्ह्ज मोठा कवी, 'द ग्रीक मिथ्स' (१९५५) हे दोन भागांचं पुस्तक माझ्याकडे आहे आणि मी ते सारखं काढून बघतो, कारण कुठली गोष्ट कुठल्या जुन्या लेखकाकडे आहे याची यादी तो प्रकरणोप्रकरणी देतो. पण पुस्तक उघडून पहिलंच प्रकरण बघा. युरिनोमी देवी पोकळीतून उठते, पाय ठेवायला जागा नाही म्हणून लाटांवर नाचते, उत्तरेचा वारा हातात चोळून त्याचा साप करते, मग कबुतर होऊन अंडं घालते, साप त्याला सात वेढे घालतो आणि त्यातून सगळी सृष्टी बाहेर पडते. फार सुंदर लिहिलंय. हेच लोक 'ग्रीकांची सगळ्यात जुनी सृष्टीकथा' म्हणून फॉरवर्ड करतात. पण अशी सलग गोष्ट एकाही प्राचीन पुस्तकात नाही! अपोलोनियस या जुन्या ग्रीक कवीच्या काव्यात ऑर्फियस हा गायक गातो त्या मोजक्या ओळी आहेत की झ्यूसचे आईबाप क्रोनस आणि ऱ्हीआ यांच्या आधी ऑलिंपस या देवांच्या डोंगरावर ऑफिऑन (ग्रेव्ह्जच्या गोष्टीतला साप तो हाच) आणि युरिनोमीचं राज्य होतं, नंतर ते समुद्रात पडले. नाच नाही, अंडं नाही. बाकीची जुळणी ग्रेव्ह्जची. आधी मातृदेवीचं राज्य होतं आणि या कथा त्याच्या खुणा आहेत हा त्याचा सिद्धांत होता, आणि अभ्यासकांनी तो स्वीकारलेला नाही. तर माझा सल्ला, ए, बी, सी असे अक्षरांचे परिच्छेद असतात ती गोष्ट, ती वाचा, फूटनोटा वाचा, पण पुढे १, २, ३ आकडे घालून जे येतं ते ग्रेव्ह्जचं स्वतःचं मत आहे हे धरून वाचा. यात त्याचा अपमान नाही.

मुलाबद्दल विचारलंत. नऊ वर्षांच्या मुलाला द'ओलेर नवराबायकोचं ग्रीक कथांचं चित्रांचं पुस्तक (१९६२) द्या, मोठ्ठं पान, लिथोग्राफची (दगडावर काढून छापलेली) चित्रं, तो तासभर हलणार नाही. त्यात झ्यूस पृथ्वीवरच्या मुलींशी 'लग्न' करतो. बहुतेक ठिकाणी ते लग्न नव्हतं हे तुम्हाला मला माहितीये, पण त्या वयाला ठीक आहे, मात्र तेराचौदाव्या वर्षी त्याला नीट सांगा, कारण तो फ्रायमध्ये वाचणारच आहे.

आणि पैसे न घालता काही मिळेल का, तर अपोलोडोरसच्या नावावर असलेलं 'लायब्ररी' हा ग्रीक कथांचा प्राचीन संग्रह वाचा, फ्रेझरचं १९२१ चं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आहे. विकत घ्यायचं असेल तर ऑक्सफर्डचं रॉबिन हार्डचं, वाचायला सोपं. वंशावळीसारखं कोरडं आहे, सलग वाचू नका. पण फ्रायची एक गोष्ट ऐकून झाली की तीच इथे काढायची, दोन पानांत संपते. हिराक्लीजपासून सुरू करा: राजाने त्याला सांगितलेली अवघड कामं दहाच होती, राजाने त्यातली दोन मोजायला नकार दिला, हायड्रा या अनेक डोक्यांच्या सापाला मारताना पुतण्याने मदत केली म्हणून आणि तबेला साफ करायची मजुरी ठरवली होती म्हणून, तेव्हा कुठे बारा झाली. मुलाला हा हिशोब नक्की आवडेल.

पोस्टमध्ये 'मूळ' हा शब्द सगळीकडून काढलाय, फ्रायचा परिच्छेद नव्याने लिहिलाय, 'हीरोज' आणि अपोलोडोरस लिस्टमध्ये टाकलेत. ग्रेव्ह्जबद्दलचं वाक्य तसंच ठेवलंय, फक्त खाली युरिनोमीचं उदाहरण जोडलंय.