गोधडी, उडीद आणि टेरेसवरचे काका

यंदाचा दसरा काढला आणि अजून माझं डोकं ठिकाणावर आलेलं नाही. घटस्थापनेच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं ही आमच्याकडची रीत, मग गावात पाणी असो नसो, आणि लातूर म्हणजे २०१६ साली जिथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते गाव, त्यामुळं गोधड्या धुणं हीच मुळात चैन. बोअरचं पाणी एवढं जड की साबण लावून लावून हात दुखले तरी फेस येत नाही. असो, धुण्याचं रडगाणं गात नाही. पिळायला एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला नवरा, तो मधेच फोन आला म्हणून टोक सोडून गेला. तेही असो.

रविवारी सकाळी ओझं घेऊन टेरेसवर गेले तर तिथं काका.

काका म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधले, रिटायर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, घडीची खुर्ची, मोबाइलवर भजन आणि हातात पारवे हाकलायची काठी. शेतातनं उडीद आला होता, तो अर्ध्या टेरेसवर पसरलेला. उरलेल्या अर्ध्यात टाक्या, डिशचे अँटेने आणि सगळ्या बिल्डिंगला मिळून दोन तारा.

"काय वो ताई, गोधड्या वाळू घालायलात का?"

न्हाई, पतंग उडवायलेय. हे मनात. तोंडानं म्हणलं, "हो काका."

"उन्हात?"

"मग कशात घालू?"

"ऊन कापडाला खातं ताई. तिकडं टाकीमागं घाला, लई वारं हाय."

टाकीमागं वारं! टाकीमागं भिंत आहे आणि भिंतीमागं शेजारची बिल्डिंग, तिथं वारं शिरायचं तर त्यालाच परवानगी काढावी लागेल. मी ऐकून न ऐकल्यासारखं करून पहिली गोधडी दोन तारांवर मिळून टाकली, तर काका खुर्चीतनं उठले. आधी हात उलटा करून लावला, मग वाकले आणि गोधडीला गाल लावला. गाल! माझ्या अंथरुणाला! सकाळची दाढीसुद्धा केली नव्हती त्यांनी.

"पंधरा आणे ओली हाय की."

"आत्ताच धुतलीय काका."

"तरीच." मग जरा थांबून, "आत काय घातलंय?"

"वरून आईचं सुती लुगडं, आतल्या जुन्या साड्या."

"साड्या टेरिकॉटच्या आसतील. उलीसं ओढून बघा, गोळा हुयाल्यात त्या खाली." आणि बघायला मला कशाला सांगता, स्वतःच दोन्ही हातांनी धरून खस्सकन ओढली. टाका उसवल्याचा आवाज मी स्वतः ऐकलाय. काका म्हणाले, जुना दोरा आसंल.

राग याचा येतो की माणूस अर्धा बरोबर होता. रोजच्या कडक उन्हात सुती धागा खरंच कमजोर होतो, रंग उडतो, लोकर आणि रेशीम पिवळं पडतं, आणि फोमच्या गादीला तर ऊन दाखवूच नये, तिचा हळूहळू भुगा होतो. पण गोधडी म्हणजे काय रुमाल आहे का? पाच-सात थर, वरून वाळल्यासारखी वाटते आणि पोटात ओल तशीच, सावलीत ठेवली की आठवड्यात कुबट वास आणि काळे ठिपके. तिला ऊन पाहिजेच, दर दोन तासांनी उलटायची, वाळली की लगेच उचलायची. आणि एका तारेवर टांगायची नाही, ओल्या वजनानं टाके ओढतात. वाऱ्याचंही खरं आहे, कारण वाळलेल्या सुती कापडातसुद्धा धाग्यांना चिकटून थोडं पाणी राहतं आणि तेच डिंकाचं काम करतं म्हणून टॉवेल ताठ होतो, असं जपानी संशोधकांनी २०२० मध्ये मांडलंय. वाऱ्यानं हलत राहिलं, नाहीतर हातानं झटकलं, की ताठपणा कमी. आमच्याकडं वर बोअरचे क्षार, त्यामुळं चादर कोपऱ्यात उभी करून ठेवता येते.

ड्रायरवाली लाँड्री आलीय गावात, तीही करून बघितली. चादर आली मऊसूत, पण कडेचं इलॅस्टिक कुरकुरीत होऊन गेलं, आणि ड्रायरच्या जाळीत जो कापूस साठतो तो कुणाचा असतो? आपल्याच चादरीचा. वर पैसे आपणच द्यायचे.

तर दुपारी आभाळ आलं. परतीचा पाऊस, सांगून थोडाच येतो. मी चपला न घालता वर पळाले. दोन्ही तारा रिकाम्या. उडदाचा ढीग मात्र नीट गोळा केलेला, त्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर, चारी बाजूंनी खोचून, विटा ठेवून, माझी आईच्या लुगड्याची गोधडी.

"ताडपत्री उडायली होती," काका म्हणाले. "ही जाड हाय, हालत न्हाई. बाकीच्या टाकीमागं ठिवल्यात, काळजी करू नका."

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फार काही बोललेही नाही खरंतर, वयाचा मान आडवा येतो, ही एक मोठी भानगड आहे. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो : "टेरेसवर ओले अंथरूण टाकू नये, स्लॅबमध्ये पाणी मुरते." फोटोत गोधडीवरचा पोरानं केलेला जुना डाग असा मधोमध. खाली नऊ अंगठे. मी विचारलं, मग उडदाचं काय? सेक्रेटरींचं उत्तर, धान्याची गोष्ट वेगळी. मेंटेनन्स भरताना कशी कुणाची गोष्ट वेगळी नसते? आणि अंगठे देणाऱ्यांत एक तरी बाप्या असा दाखवा ज्यानं जन्मात ओली गोधडी जिन्यानं वर नेलीय.

गोधड्या सध्या हॉलमध्ये खुर्च्यांवर पंख्याखाली आहेत. पाहुणे आले की उभे राहतात.

परवा काकूंनी वाटीभर उडदाचं घुटं पाठवलं. मी हात लावला नाही. नवऱ्यानं दोन भाकरींबरोबर ओरपलं, झक्कास झालंय म्हणाला, आणि मग दातातनं एक लाल दोरा ओढून काढून मला विचारतो, "हा कशाचा गं?"