पंधरा दिवसांचं बाथरूम

मिस्त्री खोटं बोलत नाही. कानावर पेन्सिल खोचून, जुन्या बाथरूमच्या दारात उभा राहून तो "पंधरा दिवसांत करून देतो, साहेब" म्हणतो, तेव्हा त्याने मनातल्या मनात खरोखर बेरीज केलेली असते. मी ती कागदावर मांडून पाहिली आहे. पाच बाय सातचं साधं बाथरूम घ्या. तोडफोड २ दिवस, प्लंबिंग २, पाइपांसाठी पाडलेल्या झिऱ्या बुजवून गिलावा १, वॉटरप्रूफिंगचे दोन हात २, कोबा १, भिंतीच्या टाइल्स ३, खालची फरशी १, सांधे भरणं १, नळ-कमोड बसवणं १. झाले १४. पंधरावा त्याने पदरचा घातला. याहून प्रामाणिक माणूस मला तरी माहीत नाही.

फक्त ही बेरीज हातांची आहे. ज्या दिवशी कोणाचाच हात हलत नाही, ते दिवस तिच्यात नाहीत. पाइपांत दाब भरून बघायचा १ दिवस, गिलाव्याला पाणी मारायचे ७, वॉटरप्रूफिंग वाळायचे ३, पाणी कोंडून ठेवायचे २, कोबा पाय ठेवण्याजोगा व्हायचे ३, फरशी धरायचा १ आणि सांधे सुकायचा १. हे झाले १८. एकूण ३२. कामापेक्षा थांबणं जास्त आहे, आणि थांबण्याची मजुरी कोणी मागत नसल्यामुळे ते कोणी मोजतही नाही. वेळापत्रक करायचं असेल तर पहिली गोष्ट ही, की 'थांबणे' यालाही कामाइतकीच स्वतंत्र ओळ द्यायची. कर्ता या रकान्यात 'सिमेंट' लिहिलं तरी चालतं. तो सगळ्यांत भरवशाचा कारागीर आहे, फोन बंद ठेवत नाही.

आता हे ३२ दिवस कॅलेंडरवर ठेवून बघू. घरातलं कुठलंही काम 'गणपतीच्या आधी' व्हायचं असतं, आणि ही तारीख पंचांग ठरवतं, तिथे वशिला चालत नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे गणेश चतुर्थी लांबली, ती १४ सप्टेंबरला आली. म्हणजे १३ सप्टेंबरला काम संपायला हवं. तिथून ३२ दिवस मागे मोजले की १३ ऑगस्ट येतो. गुरुवार, श्रावणाचा पहिला दिवस. मुहूर्त उत्तम. तिसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन आणि चौथ्या दिवशी रविवार, एवढी एक बारीक अडचण सोडली तर.

सरळ मोजणीत इथेच पाय घसरतो. माणसाचं कॅलेंडर वेगळं आणि सिमेंटचं वेगळं. माणसाला रविवार असतो, सिमेंटला नसतो. म्हणून शहाणपण असं, की सुट्ट्या थांबण्याच्या दिवसांत कोंबायच्या. ३ ऑगस्टच्या सोमवारी तोडफोड सुरू केली, तर ३-४ ला तोडफोड, ५-६ ला प्लंबिंग, ७ ला दाबाची परीक्षा, ८ च्या शनिवारी गिलावा. ९ ते १५ पाणी मारणं. या सात दिवसांत एक रविवार गेला, १२ तारखेची दिव्यांची अवस, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत गटारी, गेली, आणि १५ ऑगस्टही गेला. एरवी या तिन्ही दिवशी तो आलाच नसता. आता तो आला नाही याचं आपल्याला कौतुक वाटतं. सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन पाणी मारायचं काम अर्थात घरच्यांचं. दोन दिवस उत्साहाने होतं, तिसऱ्या दिवशी "तू मारलंस ना?" "मला वाटलं तुम्ही मारलंत" हा संवाद होतो, आणि गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात.

मधला १६ चा रविवार फुकट जातो, त्याला इलाज नाही. १७-१८ ला वॉटरप्रूफिंग, १९ ते २१ वाळणं, २२-२३ च्या शनिवार-रविवारी पाणी कोंडणं, २४ च्या सोमवारी कोबा, २५ ते २७ थांबणं. २८ ला टाइलवाला यायचा, पण त्या दिवशी राखी. तो बहिणीकडे जाणार, आणि जावंच. मग भिंती २९, ३१ आणि १ सप्टेंबरला, फरशी २ ला, ३ ला कोणी आत पाऊल टाकायचं नाही, ४ ला सांधे, आणि सांधे सुकायचा दिवस ५ सप्टेंबर. त्या दिवशी दहीहंडी. प्लंबर सातव्या थरावर, सांधे आपले निवांत सुकताहेत. ६ ला रविवार, ७ ला नळ. राखीला एक दिवस घसरलो, तरी नळाची तारीख तीच राहिली, कारण न घसरता ५ तारखेलाच नळ बसवायचे असते तरी प्लंबर कुठे मिळणार होता? ८ ते १३ असे सहा दिवस हातात उरतात. हे सहा दिवस मिस्त्रीला सांगायचे नसतात. शिल्लक दिवस कळले की काम तेवढं फुगतं, हा नियम सोसायटीच्या बायलॉजपेक्षा कडक पाळला जातो.

तीच गोष्ट वायरमनची. गीझरचा पॉइंट, एक्झॉस्ट फॅनचा पॉइंट आणि दोन बोर्ड हे त्याचं एका दिवसाचं काम, आणि ते ५ किंवा ६ ऑगस्ट, कधीही झालं तरी प्लंबिंग संपायच्या आत होतं. त्याला एका दिवसाची सवड आहे. बाकी एकाही ओळीला अशी सवड नाही. मधे एखादी सुट्टी झाकून घ्यायला आली नाही, तर एक हलली की शेवटची हलते. या बिनसवडीच्या साखळीला जाणकार 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी रसायनांच्या कारखान्यांसाठी ती शोधायची रीत बसवली. पाठोपाठ १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी दुसरी युक्ती काढली. प्रत्येक कामाला तीन अंदाज घ्यायचे: सगळं जमून आलं तर, बहुधा, आणि साडेसाती लागली तर. मधल्याला चौपट वजन द्यायचं, बेरजेला सहाने भागायचं. आपल्या भिंतीच्या टाइल्सना लावून बघा. २ दिवस, ३ दिवस, १० दिवस. २ अधिक १२ अधिक १० म्हणजे २४, भागिले ६, उत्तर ४. म्हणजे आपले ३ दिवस मुळातच आशावादी होते, आणि हातात उरलेल्या त्या सहा दिवसांतला एक इथे गेलाच म्हणून समजा. पाणबुडीतून क्षेपणास्त्र उडवणाऱ्यांनी साडेसाती हिशेबात धरली, आपण "होऊन जाईल" वर भागवतो.

साडेसातीचे १० दिवस कुठून येतात, तेही सांगतो. भिंती २४ फूट घेराच्या, टाइल ७ फुटांपर्यंत, दार वजा जाता साधारण १५० चौरस फूट. १२ बाय १८ इंची टाइल दीड चौरस फुटाची, म्हणजे १०० टाइल्स. कापाकापी आणि फुटातुटीला १० टक्के धरून ११० घ्यायच्या. दुकानातून घरी मोजून १०० च आणल्या, की शेवटच्या कोपऱ्यात ६ कमी पडतात. दुकानदार म्हणतो डिझाइन आहे, लॉट वेगळा आहे. लॉट वेगळा म्हणजे रंगात पुसटसा फरक, जो दुकानात कोणाला दिसत नाही आणि घरी दारातून आत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दिसतो. मग "मोरबीहून गाडी निघाली आहे." गुजरातेतल्या त्या टाइलांच्या गावाहून ती गाडी मला वाटतं अजून निघतेच आहे.

आता एका कामावाचून दुसरं अडणं, म्हणजे डिपेंडन्सी. पुस्तकात तिचे चार प्रकार असतात. पहिलं संपल्यावर दुसरं सुरू, हा घरोघरचा. दुसरा, दोन्ही बरोबर सुरू: तोडफोड सुरू झाली की तासाभराने राबिटाच्या, म्हणजे फोडलेल्या मालाच्या, गोण्या भरायला घ्यायच्या, नाहीतर फोडणाऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही. तिसरा, दोन्ही बरोबर संपणारी: शेवटचा घाव पडल्याशिवाय शेवटची गोणी भरत नाही. एवढ्याशा बाथरूममधून चाळीस-पन्नास गोण्या सहज निघतात, आणि लिफ्टमधून न्यायला बहुतेक सोसायट्यांची बंदी असते, त्यामुळे हमालाचा दिवस जिन्याचे मजले मोजून धरावा. चौथा प्रकार पुस्तकातही अवघडून बसलेला असतो: दुसरं सुरू झाल्याशिवाय पहिलं संपवता येत नाही. तो समजायला एकच बाथरूम असलेलं घर लागतं. शेजारच्या काकूंकडे आपली बादली पोहोचल्याशिवाय आपलं जुनं बाथरूम बंद करता येत नाही. आणि काकू होकार देताना "किती दिवस?" विचारतात, तेव्हा १५ सांगावेत की ३२, हा प्रश्न कुठलंच सॉफ्टवेअर सोडवत नाही.

पण खरी गंमत उलट्या वाटणाऱ्या डिपेंडन्सीत आहे. टाइल भिंतीवर लागते २९ ऑगस्टला, म्हणून घरात ठरतं, की टाइल्स निवडू सावकाश. प्लंबर ५ ऑगस्टला विचारतो, "टाइल किती जाडीची?" कारण शॉवरचा डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे हे वळवणारा कॉक, दोन भागांत येतो. त्याची पितळी बॉडी भिंतीत गाडली जाते, आणि वरची चकचकीत पट्टी व दांडा शेवटी, ७ सप्टेंबरला लागतो. बॉडीवरच्या प्लास्टिकच्या टोपणावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. गिलावा, चिकटवण्याचा थर आणि टाइल धरून भिंतीचा शेवटचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. बॉडी जास्त आत गेली तर दांडा पोहोचत नाही, बाहेर राहिली तर पट्टी भिंतीला टेकत नाही, आणि दोन्हीचा इलाज बहुधा नवी टाइल फोडणं. कमोडचंही तसंच. जमिनीतून निचरा असलेला कमोड घेतला तर भोकाचा मध्य भिंतीपासून ९ इंचांवर की १२ इंचांवर, हे मॉडेलवर ठरतं, आणि ते अंतर टाइल लागलेल्या भिंतीपासून मोजायचं. म्हणजे शेवटी बसायची वस्तू सगळ्यांत आधी ठरवायची. लग्नात हे आपल्याला बरोबर कळतं, आधी हॉल आणि मग पत्रिका. बाथरूममध्ये का कळत नाही देव जाणे.

मग मैलाचे दगड. मैलाचा दगड स्वतः चालत नाही, त्याला मुदत शून्य. तिथे फक्त एक प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही. "नव्वद टक्के झालंय, साहेब" हा दगड नव्हे, ते धुकं. उरलेल्या दहा टक्क्यांत माणसं म्हातारी होतात. बाथरूमचा खरा दगड २४ ऑगस्टच्या सकाळी आहे. २२ च्या सकाळी नाहणीच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कापड घट्ट ठासायचं, उंबऱ्याला सिमेंटचा छोटा बांध घालायचा, दोन इंच पाणी भरायचं आणि पाण्याच्या रेघेवर भिंतीला पेन्सिलीची खूण करायची. २४ तासांनी एकदा आणि ४८ तासांनी एकदा खालच्या मजल्यावर जायचं. खालच्या वहिनी दार उघडतात, आपण त्यांच्या बाथरूमच्या छताकडे टक लावून बघतो, त्या आपल्याकडे बघतात. छत कोरडं तर हो. ओल दिसली तर १७ ऑगस्टला परत. ही परीक्षा कोब्याच्या आधी घेतात, कारण आत्ता गळलं तर रसायनाचा हात पुन्हा द्यावा लागतो. कोब्यानंतर गळलं तर कोबा फोडावा लागतो, आणि टाइल्सनंतर गळलं तर वहिनींशी संबंध. घाईचा मिस्त्री म्हणतो, "रात्रभर ठेवलं तरी कळतं." सावकाश झिरपणाऱ्या पाण्याला ही घाई कोणी कळवलेली नसते.

पैसे या दगडांना बांधावेत, दिवसांना नाही. पाइपांच्या दाबाचा काटा सकाळी जागेवर असेल तर एक हप्ता, खालचं छत कोरडं असेल तर दुसरा, फरशीवर तांब्याभर पाणी ओतल्यावर ते डबकं न करता जाळीकडे गेलं तर तिसरा. सात फुटांना साधारण इंचभर ढाळ असला की ते आपोआप जातं. शेवटचे दहा टक्के नळ बसल्यावर आठ दिवस वापरून मगच. "उचल द्या, मग येतो" आणि "या, मग देतो" ही मात्र पाचव्या प्रकारची डिपेंडन्सी, वर्तुळाकार. तिला सॉफ्टवेअर लाल रंग देऊन बंद पडतं.

शिवाय कागदावर कुठेच नसलेली एक ओळ. आपल्याकडचे सात दिवस पाणी मारण्यात चाललेले असताना मिस्त्री दुसऱ्या घरी तोडफोड सुरू करतो. त्यालाही घर चालवायचंय. १७ ला तो परत येणं हे आपल्या गिलाव्यावर नव्हे, त्या घरच्या राबिटावर अवलंबून असतं. म्हणून १४ ला एक फोन, १६ ला दुसरा. आणि 'उद्या' ऐकल्यावर "किती वाजता?" नाही विचारायचं, "आत्ता कुठल्या साइटवर आहात?" विचारायचं.

७ सप्टेंबरला, सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर, शॉवर सुरू होतो, काकूंकडची बादली परत येते, आणि प्लंबर हातात ड्रिल घेऊन टॉवेलच्या दांडीसाठी भिंतीवर खूण करतो. मग थांबतो. आतून पाइप नेमका कुठून गेलाय? उत्तर सोपं आहे: ७ ऑगस्टला, गिलाव्याच्या आदल्या दिवशी, भिंतीला मापाची टेप लावून चारही बाजूंचे फोटो काढायचे असतात. घरातले सगळे आपापले फोन चाळतात. फोटोंत राखी आहे, दहीहंडी आहे, टाइलच्या दुकानातले सतरा नमुने आहेत. प्लंबर भिंतीवर बोटाने टकटक करतो, कान लावतो, आणि म्हणतो, "बहुतेक इथून नसावा."