निलगिरीचे दहा थेंब: बादलीला नगण्य, बाळाला धोक्याचे

‘बादलीभर पाण्यात निलगिरी तेलाचे १० थेंब टाकून लादी पुसा, ९९ टक्के जंतू मरतात. तेच तेल बाळाच्या नाकाखाली लावा, सर्दी पळते. डिफ्यूझर रात्रभर चालू ठेवा, हवा शुद्ध होते. सगळं नैसर्गिक, अपाय शून्य!’ अशा अर्थाचा मजकूर घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. यातला एकेक दावा बघू.

‘जंतू मरतात.’ सुगंधी तेलांमध्ये जंतुनाशक गुण आहेत, हे खरं. प्रश्न प्रमाणाचा आहे. टी ट्री तेल या बाबतीत निलगिरीपेक्षा जोरकस, तरी ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूची नुसती वाढ थांबवायला ते साधारण पाव टक्का लागतं. आता हिशेब करा. २० थेंबांचा सुमारे १ मिली होतो, म्हणजे १० थेंब अर्धा मिली. दहा लिटरच्या बादलीत ते भरतं ०.००५ टक्के, गरजेच्या पन्नासाव्या हिश्शाइतकं. पाव टक्का गाठायचा तर प्रत्येक बादलीला २५ मिली तेल ओतावं लागेल.

शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही. वर तवंग येतो, पहिल्यांदा बुडवलेल्या फडक्याला त्यातलं बरंचसं चिकटतं, आणि मागच्या खोलीपर्यंत पोचेतो साधं पाणीच उरतं. व्हिनेगर घातल्यानेही तेल मिसळत नाही. वास हवाच असेल तर थेंब आधी चमचाभर लिक्विड साबणात घोटून मग बादलीत टाका. लादी स्वच्छ होते ती त्या साबणाने आणि फडकं वारंवार पिळल्याने. रोजच्या पुसण्याला तेवढं पुरतं. घरात उलटी-जुलाब झाले असतील तर मात्र आधी घाण टिपून घ्या, जागा साबणाने धुवा, मग ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिली एक लिटर पाण्यात मिसळून तिथे १० मिनिटं ओलं राहू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडा. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

‘बाळाच्या नाकाखाली लावा.’ या मजकुरातलं सर्वांत घातक वाक्य हेच. निलगिरी, पुदिना, कापूर यांच्या उग्र वाफेने तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते पुदिन्यातलं मेंथॉल थंडाव्याच्या संवेदना जागवतं म्हणून. नाकातली सूज तशीच राहते. दोन वर्षांखालच्या मुलांना ही तेलं छातीला, नाकाला लावू नका, गळ्यात कापराची पोटलीही बांधू नका. तान्ह्याचं नाक चोंदलं तर औषधाच्या दुकानात मिळणारे सलाईनचे थेंब घाला.

पोटात गेलं तर आणखी वाईट. निलगिरी तेलाच्या एका चमच्यानेही, म्हणजे ५ मिलीने, लहान मुलाला गुंगी येऊ शकते, झटके येऊ शकतात. अनेक बाटल्यांचं झाकण मुलाच्या हातानेही फिरतं, म्हणून बाटली देवघरात किंवा पलंगाशेजारी नको, कुलपात हवी. मुलाने तेल प्यायलंच तर उलटी करवू नका. उलटीबरोबर तेल फुफ्फुसात उतरू शकतं. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा, लक्षणं दिसायची वाट बघू नका.

मोठ्यांनीही तेल कातडीला थेट लावू नये. ३० मिली खोबरेल तेलात ६ थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, पुष्कळ झालं. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होते.

‘हवा शुद्ध होते.’ डिफ्यूझर म्हणजे तेलाची वाफ हवेत सोडणारं उपकरण. त्याने उलट हवेत वाफ वाढते, आणि दमेकऱ्याला तेवढ्यानेही ठसका लागू शकतो. हौस असेल तर १०० मिली पाण्यात तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी. घरात मांजर असेल तर तेही नको. तिच्या यकृताला हे घटक नीट निकामी करता येत नाहीत, आणि अंगावर बसलेलं तेल ती चाटते.

घरात निलगिरी तेलाचा एक उपयोग पक्का आहे: डब्यावरच्या स्टिकरचा चिकटा. कापसाला दोन थेंब लावून चोळा, पाच मिनिटं थांबा, पुसून साबणाने धुवा. काच आणि स्टीलवर चालतं. कडक प्लास्टिक आणि थर्माकोलपासून दूर ठेवा, ते विरघळू शकतं. तेल पेट घेतं, म्हणून हे काम पेटत्या गॅसजवळ करू नका.